उद्याच्या सत्काराचा कोट

तारे कसे विझतात याचं गणित मांडणारे प्राध्यापक हात पसरून उभे होते आणि टेलरमास्तर त्यांच्या नव्या कोटाला टाचण्या लावत होते. प्राध्यापकांच्या पत्नी शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की मास्तरांचे कान जास्तच चालत.

“उद्या सत्कार, आणि चूक आज सापडली?” बाईंनी विचारलं.

“निबंधाच्या तिसऱ्या पानावर. अधिकच्या जागी उणे हवं होतं.”

“एकवीस वर्षांत कुणाला दिसली?”

“कुणालाच नाही.”

“मग परवा सांगा! तारे काही खोळंबले नाहीत.”

“अगं, मानपत्र त्याच निबंधाचं आहे. कुठल्या तोंडानं घेऊ?”

मास्तरांनी टाचण्या तळहातावर काढल्या.

“साहेब, मध्ये बोलतो. उणे घातलं तर उत्तर काय येतं?”

“अं? ते... पाहिलंच नाही. चूक दिसली आणि निबंध मिटूनच टाकला.”

“आम्ही बाही उसवली की आधी नवं माप घेतो. रडणं नंतर.”

“जरा खडू द्या.”

“अहो, कोटावर नको!”

“टेबलावर लिहितो गं. हे असं... अरेच्चा! हे तर भलतीकडेच चाललंय. उद्या आधी चूक सांगतो, मग हे नवं उत्तर.”

“आणि मानपत्र मागे घेतलं तर?”

“घेऊ देत.”

बाईंनी स्टूल टेबलाशी ओढलं.

“मग थांबलात का? पुढची ओळ लिहा.”