तासाभरात वीस सैनिक

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिथे घोडदळ वाळतंय! इकडे बसा, स्टुलावर. हे येतीलच, चष्म्याची काडी बदलायला गेलेत. तुम्ही क्लबाचे चिटणीस ना? ओळखलं मी. रविवारी टेबलावर लढाया मांडता, फासे टाकता, आणि बोटाएवढ्या माणसांवरून तावातावाने भांडता — सगळं कळतं मला. तर काय म्हणालात, प्रात्यक्षिक? सगळ्यांसमोर तासाभरात वीस सैनिक रंगवून दाखवायचे? छे छे, ह्यांना नाही जमायचं. त्या दिवशी आम्ही बाहेरगावी जाणार आहोत. कुठल्या दिवशी म्हणालात? हां, त्याच दिवशी.

अहो, ह्यांचा हात धरणारा कोणी नाही, मान्य आहे. अख्खं रोमन सैन्य पंधरा दिवसांत उभं केलं! पट्टीवर दहा-दहा जण चिकटवायचे, आधी तपकिरी फवारा, मग एक रंग घ्यायचा तो सगळ्यांना — सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांच्या ढाली, मग सगळ्यांचे पाय — आणि शेवटी वरून पातळ काळपट रंग सोडायचा, तो घड्यांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप पडते. एकेकाचे लाड करत बसायचं नाही. मला कसं माहीत? म्हणजे काय, ह्याच घरात राहते मी! केर काढताना दिसतं.

थांबा हो, बोला नंतर, आधी माझं ऐका. खरं सांगू? कुठे बोलणार नाही ना? अंगरखे हेच रंगवतात. पण त्यापुढचं — डोळे, पट्टे, ढालीवरची नक्षी — ह्यांचा उजवा हात थरथरतो हो. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, वयाचं आहे. पण डोळ्याला म्हणून ब्रश न्यावा आणि ठिपका कानावर पडावा! अख्खी पलटण कानावर डोळे घेऊन उभी होती ह्या टेबलावर. ह्यांनी ब्रश धुतला, पाणी ओतून टाकलं, आणि जेवलेच नाहीत. मला नाही बघवलं. दुसऱ्या दिवशी हे फिरायला गेले, तशी मी बसले आणि सगळ्यांचे डोळे जागेवर आणले. मला काय कठीण? पंचवीस वर्षं दातांच्या कारखान्यात कवळ्या रंगवल्यात मी. खोटा दात खरा वाटेल इतपतच पिवळा करायचा, हेच काम! हे परत आले, भिंग लावून पाहिलं, आणि म्हणाले, "काल वाटलं तेवढं काही बिघडलं नव्हतं गं." बस्स, तेव्हापासून हे जे मागे लागलंय ते लागलंच.

आता रोजचंच झालंय. ह्यांनी सकाळी रंगवायचं, आणि हे फिरायला गेले की मी निस्तरायचं. चाळीस मिनिटं मिळतात — तेवढ्यात वीस जण. तुम्ही सगळे ह्यांचा वेग वेग म्हणता ना, तो हा वेग, पकडले जायच्या भीतीचा! हत्तींची नखं? बक्षीस दिलंत ती? माझी. अहो, कवळीचाच रंग तो. बक्षीस घ्यायला हे गेले, मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. वाईट कशाला वाटेल? नाही वाटलं. थोडं वाटलं. थोडंसंच.

म्हणून म्हणते, प्रात्यक्षिक नको. चारचौघांत तो हात थरथरला, तर हा माणूस पुन्हा ब्रश धरणार नाही. निवृत्त झाल्यावर सहा महिने हे भिंतीकडे बघत बसायचे, तुम्हाला माहीत नाही ते. ह्या एवढ्याशा लोकांमुळे सकाळी उठतात. तुम्ही दुसरं कोणीतरी बघा.

काय? अर्ज? ह्यांनीच भरून दिलाय? कमाल आहे! द्या इकडे. अक्षर ह्यांचंच, वेडंवाकडं. 'प्रात्यक्षिक करणार' — अहो, हे माझं नाव आहे. चुकून कसं होईल, माहेरच्या आडनावासकट लिहिलंय. 'अनुभव: तीन वर्षं.'

तीन. म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी वेडी, ह्यांचा ब्रश होता तसा, होता तिथे, होता त्याच कोनात ठेवतेय रोज! आणि हे खुशाल टेबल सोडून फिरायला जातायत, पावसातसुद्धा, छत्री घेऊन, माझ्यासाठी... नाही, डोळ्यात काही नाही गेलं. रंगाचा वास आहे.

तुम्ही हसताय कशाला? उठा आता. आणि लिहून घ्या — टेबल खिडकीपाशी हवं, उजेड डावीकडून. वीस नको, तीस सैनिक ठेवा. आणि ह्यांची खुर्ची माझ्या शेजारी, अंगरखे तेच रंगवणार, हात थरथरला तर थरथरला, मी बसलेय ना. आणि हे बघा, मी अर्ज वाचला हे ह्यांना अजिबात सांगायचं नाही. तीन वर्षं ह्यांनी तोंड उघडलं नाही, आता त्या दिवसापर्यंत मीही नाही उघडणार. काय, मला नाही जमणार? जमतं का नाही ते बघाच — आले वाटतं. निघा तुम्ही.