फळीवरची भांडी

१९६१. राजापेठेतल्या गॅरेजात सायकल घेऊन थांबलो असताना कानावर पडलेलं बोलणं.

"मिस्त्री, फटफटीच्या इंजिनाखालचे, हादरे झेलणारे जुने रबर परत बसवून द्या."

"काहून, उद्धवभाऊ? नव्या रबरानं गाडी वळणावर डोलते का?"

"नाही डोलत. हादरतही नाही."

"मंग?"

"पयले गाडी अंगणात आली का फळीवरचे भांडे वाजत. मायले दिसत नाही. तिले वाटे, गोवर्धनदादा आला. मी गप ताट पुढं करो, अन् माय जेवे."

"आन आता?"

"आता म्हणते, गोवर्धन येऊ दे, मंग जेवीन."

"भाऊ, त्या ढिल्या रबरापायीच तर गोवर्धनभाऊ वळणावर पडून जीवानिशी गेला."

"मले ठाव हाये. मायले नाही."