मावशीची एकादशी

कुंभकोणम् स्टेशनात तिकिटाच्या रांगेत पंकजाचे कान पुढच्या दोघींच्या बोलण्याला लागले.

“गोदाक्का, मरुदानल्लूरच्या त्या आंधळ्या मावशी कशा आहेत?”

“एकादशीला तेवढं भाचा तिला भजनाला आणी. आम्ही भुकेनं कोमेजलेल्या, आणि ती म्हणे, माझं हे रोजचंच!”

“केवढी भक्ती!”

“मलाही तसंच वाटलं गं. द्वादशीला तिच्यासाठी पान वाढून नेलं, तर दाराला बाहेरून कुलूप. खिडकीतून पाहिलं, मावशी आत एकटी, आणि चुलीत मांजर निजलेलं.”

“अगंबाई!”

“तडक गावचा कारभार पाहणाऱ्या मुनसफाला आणून दारात उभं केलं. भाच्यानं किल्ली काढून दिली. आता मावशी माझ्याकडं.”

पंकजा आणखी जवळ सरकली.

“पण गोदाक्का, काल एकादशी होती की! तिचा उपास?”

“होती ना. म्हणाली, ‘गोदे, माझे जन्माचे उपास झाले. दोन इडल्या वाढ.’”

“मग?”

“चार वाढल्या.”