मोज्यातला पट्टा

— नाही नाही, झोपतो ना, झोपतोच आहे, फक्त ते दार आधी नीट लावा. कडी नाही का त्याला? नुसतं लोटून ठेवता? बरं, असू द्या. बाहेर माझी लेक बसलीय, आणि तिचे कान म्हणजे — लहानपणी मी स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा उघडला की पार बाहेरच्या खोलीतून विचारायची, बाबा, काय खाताय? शर्ट पूर्ण काढू? बनियनपण? गारठा किती ठेवलाय हो खोलीत, धडधाकट माणूस इथे येऊन आजारी पडेल. हसा, हसा. ताई, तुम्हाला आधीच सांगून टाकतो, उगीच तुमचा कागद वाया जायला नको — मला काही झालेलं नाही. माझं हृदय ठणठणीत आहे. ज्या हृदयाचे ठोके वाढले म्हणून मला इथे आणलंय ना, ते माझं नाहीच. ते माझ्या नातीचं आहे. आणि तिलाही काही झालेलं नाही, कारण ती चार वर्षांची आहे आणि दिवसभर उड्या मारते.

नाही कळलं? कसं कळणार. डॉक्टरांनाही नाही कळलं, ते बिचारे माझ्या लेकीच्या मोबाईलवरचे आकडे बघून भुवया वर करत होते. हे बघा, वायरी लावता लावता ऐका. माझ्या वाढदिवसाला लेकीने मला एक पट्टा दिला, मनगटावर बांधायचा, पावलं मोजतो, ठोके मोजतो, आणि सगळं तिच्या मोबाईलवर दिसतं. तिथे ऑफिसात बसल्या बसल्या. म्हणजे वाढदिवस माझा आणि भेट तिला. दिवसाला सहा हजार पावलं झाली पाहिजेत म्हणे. मी म्हटलं, अगं, मी ड्रायव्हर माणूस, एकतीस वर्षं या शहरात बस चालवली, जन्मभर बसून काम केलं, मला कुठे चालायची सवय! पण नाही. पहिल्या आठवड्यात रोजची पावलं भरली एकोणीसशे, दोन हजार, एकदा चौदाशे. झालं. रविवारी जावई समोर बसले, लेक बाजूला बसली, आणि चहा आणला — ते दोघं मिळून चहा आणतात तेव्हा काहीतरी काढून घ्यायला आलेले असतात. बाबा, दिवसभर पोरीला सांभाळणं तुम्हाला झेपत नाहीये. आपण तिला पाळणाघरात घालू या. तुम्हाला आराम मिळेल.

आराम! आराम म्हणजे काय ते मला विचारा. माझी बायको गेली आणि ही पोर झाली, यांच्या मधे एक अख्खं वर्ष होतं. त्या वर्षी मला आरामच आराम होता. काय करायचो सांगू? सकाळी जेवून निघायचो, डेपोतून कुठलीही बस धरायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. ड्रायव्हर सगळे हाताखालून गेलेले, कोणी तिकीट विचारायचं नाही. पुढच्या सीटवर बसून त्यांचे गिअर ऐकायचो. असं वर्षभर. कोणाला सांगितलेलं नाही हं हे, लेकीला वाटतं मी वाचनालयात जायचो. मग ही आली. तीन महिन्यांची होती, लेकीची रजा संपली, आणि एक दिवस सकाळी साडेआठला तिने ते गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, बाबा, जमेल ना? तेव्हा कुठलाही पट्टा नव्हता बरं का. तेव्हा कोणी पावलं मोजली नाहीत.

आम्ही तिला चेकर म्हणतो. नाव मीच ठेवलं — बसमध्ये मी आयुष्यात घाबरलो तो फक्त तिकीट तपासणाऱ्याला, आणि ही अगदी तशीच. दारात आली की सुरू. आजोबा, गोळी घेतली? दाखव पाकीट. आजोबा, चष्मा कुठाय? आजोबा, आज दाढी का नाही केली? आपण तिला सांभाळतोय असा घरातल्यांचा समज आहे, तो मी मोडत नाही. ती दुपारी झोपते तेव्हा मीही झोपतो, ती उठते तेव्हा मीही उठतो, ती जेवते म्हणून मी जेवतो. एकट्यासाठी कोण गॅस पेटवणार हो?

मग काय, मी पट्टा तिला बांधला. मनगटाला ढिला झाला, म्हणून पायात, घोट्याच्या वर, आणि त्यावरून मोजा चढवला. कोणाला दिसत नाही. ती आली की बांधायचा, लेक न्यायला यायच्या आधी काढून माझ्या हातात. चेकरला सांगितलं, हे आपलं गुपित. तिला तर हवंच होतं. पहिल्याच दिवशी अकरा हजार पावलं! लेकीचा ऑफिसातून फोन — बाबा, कमाल आहे तुमची! जावयांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. दोन दिवसांनी मीच घाबरलो, अडुसष्टाव्या वर्षी माणूस एवढा धावला तर पेपरात नाव येईल. म्हणून मग मी लक्ष ठेवायला लागलो. बागेत गेलो की ती घसरगुंडीवर, मी बाकावर, अधूनमधून बोलवायचं, मोजा खाली करून आकडा बघायचा, आणि सहा हजार झाले की पट्टा काढायचा. रोज सहा हजार. वर थोडे. आमच्या गाड्यांना तेव्हा वेग बांधलेला असायचा ना, तसं.

लेक काय, मोबाईलवर लेख वाचते. एका आठवड्यात — नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा आनंदी असतात, बाबा, ऐका. पुढच्या आठवड्यात — आजी-आजोबांवर ताण येतो, बाबा, ऐका. थोडं सांभाळलं तर चांगलं आणि जास्त सांभाळलं तर वाईट असं काहीतरी निघालंय म्हणे. मी विचारलं, थोडं कुठे संपतं आणि जास्त कुठे सुरू होतं, ते लिहिलंय का? ते नव्हतं लिहिलेलं. मला कोणी विचारायला आलं नाही. आलं असतं तर सांगितलं असतं, कंबर दुखते, गुडघा दुखतो, दुपारी तीन वाजता तीच गोष्ट सतराव्यांदा सांगताना जीव नको होतो — आणि संध्याकाळी सहाला ती गेली की घरात पाऊल टाकवत नाही. लिहा म्हणावं, काय लिहायचं ते.

पण त्या पट्ट्यानेच गोची केली. पावलं मी सांभाळली, ठोके विसरलो! लहान पोरांचं हृदय जोरात चालतं, हे मला कुठे माहीत. पट्टा आपला लेकीला कळवतोय — तुमच्या वडिलांचे ठोके एकशे चाळीस. काढायचा राहिला तर दुपारी गाढ झोपेत शंभर. लेकीची पाचावर धारण बसली. आणि मी तिला काय सांगू? खरं सांगावं तर पावलं खोटी ठरतात, खोटं सांगावं तर हृदय आजारी ठरतं. म्हणून आलो आपला मुकाट्याने. बाहेर तिच्या मांडीवर फाईल आहे ना, माझे जुने रिपोर्ट आहेत त्यात, आणि त्यांच्याखाली पाळणाघराचा फॉर्म आहे. भरलेला. फक्त सही राहिलीय. मी पाहिला गाडीत. तुमच्या कागदावर रेघ वाकडी आली की सोमवारपासून चेकर तिकडे. तेव्हा ताई, रेघ सरळ येऊ द्या, एवढंच.

विचारा ना. प्रश्न विचारायचेत तर विचारा. बीडी-सिगरेट नाही. साखर नाही. रक्तदाबाची गोळी एक, सकाळी. दम? जिना चढताना, तो तुम्हालाही लागत असेल. चक्कर? नाही.

नाही म्हटलं ना. चक्कर काय असते ते मला शिकवू नका, ताई, आमच्या कामात त्याचा कडक नियम होता. डोळ्यांपुढे अंधारी आली की गाडी बाजूला घ्यायची, कंडक्टरला सांगायचं, लॉगशीटवर वेळ टाकून लिहायचं. मग तुम्ही कोणी असा. माझा एक जोडीदार होता, आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो, एका डब्यात जेवायचो. त्याला दोनदा अंधारी आली, स्टिअरिंगवर. त्याने लपवलं. मला म्हणाला, कोणाला बोलू नकोस, मला गाडीवरून उतरवतील. मी त्याच दुपारी मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. उतरवलं त्याला. विसरलेल्या सामानाच्या खिडकीत बसवला, छत्र्या आणि डबे मोजत. सहा वर्षं बोलला नाही माझ्याशी. मला त्याचं काही वाटलं नाही. अहो, मागे साठ माणसं बसलेली असतात!

काय? नाही, सांगितलं ना, चक्कर नाही. म्हणजे — चक्कर म्हणता येणार नाही. परवा बागेत जरा डोळा लागला. ऊन होतं. बाकावर बसलेलो, चेकरचा मोजा खाली केला, आकडा बघितला, पाच हजार दोनशे, म्हटलं, जा, अजून आठशे खेळ. ती गेली. आणि मग ती समोर उभी होती आणि माझ्या गालावर थापट्या मारत होती. तिच्या बाटलीतलं पाणी माझ्या शर्टावर सांडलेलं. म्हणाली, आजोबा, तू उठतच नव्हतास. मी म्हटलं, झोपलो होतो गं. म्हणाली, डोळे उघडे ठेवून?

पोरं काहीही बोलतात. मग म्हणाली, मी काकांना बोलवायला गेले होते. बागेच्या गेटवर रखवालदार असतो, त्याला. म्हणाली, काका नव्हते. शहाणी आहे. मी म्हटलं, शाब्बास. आणि मी सवयीने मोजा खाली केला, आकडा बघितला, पाच हजार नऊशे बारा.

आता तुम्हीच करा हिशेब. बाकापासून गेट माझी साठ पावलं. तिची शंभर धरा. जायला शंभर, यायला शंभर. दोनशे. उरली पाचशे बारा. ती कुठली? बागेत इकडेतिकडे धावली असेल, हो, असेल. तीन दिवस मी स्वतःला तेच सांगतोय. पण गेटच्या बाहेर रस्ता आहे, ताई. मी त्या रस्त्यावर अकरा वर्षं बस चालवलीय, तिथे सिग्नल नाही, आणि चार वर्षांचं पोर पुढच्या काचेतून दिसत नाही. मला माहीत आहे दिसत नाही. मी तिला विचारलं, तू रस्ता ओलांडलास? तर म्हणाली, ते आपलं गुपित. मीच शिकवलं ना तिला. मीच शिकवलं.

त्या पोरीला मी म्हटलं, आईला सांगू नकोस.

काय लिहिताय? नाही, ते नका लिहू. मी ते तुम्हाला असंच बोलता बोलता सांगितलं, ते काही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्या रकान्यात नाही लिहा. अहो, त्यांना निमित्तच हवंय. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत मी काय करू? सांगा ना, तुम्ही शिकलेल्या आहात. परत बसमध्ये बसू?

हं.

लिहा. वेळही लिहा, साडेअकराच्या सुमारास. आणि आधीही एकदा झालंय, गेल्या महिन्यात, जिन्यात, तेव्हा ती माझ्या कडेवर होती. बसलो खालच्या पायरीवर, काही नाही झालं, पण लिहा. डोळे उघडे होते तेही लिहा, चेकरने पाहिलंय, तिची नोंद चुकत नाही. आणि ते एकशे चाळीस ठोके खोडा, ते तिचे आहेत, तिच्या नावावर काही नको.

कोण, दारावर? लेक असणार. पट्टा आत्ता बाहेरच आहे ना, चेकरच्या पायात, सवयीने बांधला सकाळी निघताना. तिची आई मोबाईल बघत असणार, म्हातारा आत पलंगावर आडवा आणि मोबाईलवर कॉरिडॉरमध्ये धावतोय. हो हो, येऊ द्या तिला. नाही — थांबा. आधी लिहून पूर्ण करा. सही कुठे करायची ते दाखवा, मग उघडा दार. मग माझ्याच्याने नाही व्हायचं.

झालं? बरं. आता बोलायचं नाही? बरं.