तळपायावरचा उजेड

रंगूबाई : केळी तिथंच ठेवा, भावजी. खाटंजवळ येऊ नका.

आकाराम : आवं वैनी, कुंडलपासनं एसटीत उभा राहून मिरजेला आलोय. पुतणी हाय माझी.

रंगूबाई : पुतणीचा डावा डोळा गेला. बुबुळ पांढरंफटक पडलं, मग फुटून वाहून गेलं. उजव्यावर पट्टी हाय. सिस्टर आता सोडणार. तो तरी ऱ्हायलाय का, तवा कळंल.

आकाराम : गोवरानं गेला. माझ्यानं गेला व्हय?

रंगूबाई : गोवर हे जीपवाल्या डॉक्टरनं सांगितलं. तुमी सांगत हुता देवी.

आकाराम : मला देवीच दिसल्या. आईच्यान. तो डॉक्टर लय घाईत हुता. हितल्या मोठ्या डॉक्टरला एकदा तळपाय दाखवूया का? खपल्या असतील अजून.

रंगूबाई : शी! अजून बक्षीस सुटंना तुमाला?

आकाराम : बक्षिसाचं न्हाई म्हनत मी...

रंगूबाई : मग कशाचं? देवीचा रोगी दाखवील त्याला सरकारचं बक्षीस, असं चावडीच्या भिंतीवर रंगवलं, तवापासनं तुमाला दुसरं काय दिसतंय? रेडिओ येणार म्हणून कोनाडासुदीक मोकळा केलासा.

आकाराम : रेडिओ काय माझ्या एकट्याला? दादा सुट्टीवर आला की त्यानंबी ऐकला असता.

रंगूबाई : पोरीचा बाप तिकडं पठाणकोटला पलटणीत. त्याच्या नावावर घालू नका.

आकाराम : खरं सांगू, वैनी? देवीचं रोगी हुडकणाऱ्या त्या जीपमागं हिंडलो आन मग पलूसच्या बाजारात माणूसच दिसंना. नुसती कातडी. कुणाचं गळू, कुणाची खरूज. तुमी वाढलेल्या भाकरीला फोड आलं हुतं, तर...

रंगूबाई : उलथून मागची बाजू बघितलीसा. चुलीपुढनं बघत हुते मी. गल्लीतल्या बनाबाईच्या घरी बारशाला गेलासा, तर पाळण्यातलं पोर उघडं करून उलटंपालटं केलं. नाव काय ठेवलं ते न्हाई इचारलं. आता तुमी गल्लीत शिरला की बाया पोरं आत घेत्यात.

आकाराम : सरकारी माणसं बघत्यात तसंच बघितलं.

रंगूबाई : ही तुमच्या मांडीवर बसून जेवणारी पोरगी. मी म्हनलं, डोळं चिकटत्यात, मिरजेला नेऊ. तुमी काय म्हनला?

आकाराम : देवी अंगावर असताना उंबऱ्याबाहेर काढू नये म्हनलं. रीतच हाय ती.

रंगूबाई : रीत! मरीआईला नारळ फोडला की दात काढणारा माणूस तुमी. त्या दिवशी बाजंला लिंबाचा डहाळा बांधलासा, खिडकीवर घोंगडं टाकलंसा. माझ्या सासूला, अत्तीला म्हनला, आई, हिला जाऊ देऊ नको. जीप येईस्तवर रोगी घरात पायजे, एवढंच डोक्यात.

आकाराम : वाटंत फोड वाळलं असतं, तर कुणाला पटलं असतं?

रंगूबाई : ऐकलंसा, सिस्टर?

सिस्टर : ऐकलं. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. काका, खोलीत अंधार केला होता, मग फोड पाहिले कसे?

आकाराम : बॅटरी हुती. देवी तळपायाला उठत्यात, तळहाताला उठत्यात. जीपवाल्यांच्या कार्डावर चित्रच हाय तसं. म्हणून पायावर उजेड धरायचो.

सिस्टर : आणि चेहऱ्यावर?

आकाराम : तिकडं उजेड गेला की किंचाळायची. दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट धरायची.

सिस्टर : मग तुम्ही काय करायचा?

आकाराम : हात बाजूला करून गालावरचं बघायचो.

सिस्टर : हात बाजूला करून. म्हणजे डोळे तुमच्यासमोर उघडे होते. पू दिसला नाही?

आकाराम : न्हाई.

सिस्टर : काका, तो डोळा मी धुतलाय. न दिसण्यासारखा नव्हता.

आकाराम : असंल. हुताच असंल. पर मी खोटं बोलत न्हाई, सिस्टर. फोड एक एक आठवतोय. डोळं आठवत न्हाईत.

रंगूबाई : माशा बसत हुत्या त्यावर. मी पदरानं हाकलत हुते, तुमी म्हनला, वैनी, उजेडात येऊ नका.

सिस्टर : बास. रंगूबाई, तिचं डोकं धरा. पट्टी सोडते.

(सिस्टर पट्टीचे वेढे एकेक करून सोडते.)

सिस्टर : मनू, हळू उघड. घाई नाही. माझं बोट कुठंय? ... आणि आता? ... शाबास. खिडकी कुठंय? दाखव. ... रंगूबाई, धूसर आहे, पण डोळा राहिला.

रंगूबाई : मने, हिकडं बघ. हितं हाय मी. हां, माजीच बांगडी ती. वड, वड.

आकाराम : राहिला न्हवं? राहिला! वैनी, एकदा बघून जातो तिला. लांबनंच.

रंगूबाई : तुमी लय बघितलंय, भावजी. जाताना दार लोटून घ्या.