वीस लिटर हवा

एक होती आई, आईला होता मुलगा, मुलाला होती बायको, आणि या तिघांच्या दोन खोल्यांत चौथा होता तो... डबा. आई म्हणजे मीच. आणि पलंग कुणाला होता म्हणाल, तर डब्याला. मी खाली सतरंजीवर. तुम्हाला सांगते, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई गुडघे धरून जमिनीवरून उठते आणि वर पलंगावर, चादर अंथरून, ऊन लागू नये म्हणून खिडकी लावून, डबा. आणि आत काय? काही नाही. हवा.

कसला डबा ते विचारा ना. मीही विचारलं होतं. मुलगा माझा आधी गाड्यांना सीटकव्हर बसवायचा, शेठच्या दुकानात, नऊ वर्षं. बरं चाललं होतं. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, आई, मी आता डबे करणार. मला वाटलं पत्र्याचे, पिठामिठाचे... म्हटलं चांगलं आहे, घराघरात लागतात. तर नाही. गाडीच्या डिकीत तो मोठा स्पीकर बसवतात ना, जाडा आवाज काढणारा, धम् धम् करणारा, त्याचा डबा. म्हटलं, अरे स्पीकर आहे तर डबा कशाला? तर मला समोर बसवून समजावतो, "आई, स्पीकर नुसता उघडा ठेवला की पुढून निघालेला आवाज मागून निघालेल्या आवाजाला खातो. दोघांना वेगळं ठेवावं लागतं." म्हटलं, एवढंच ना, तुझे वडील आणि मी चाळीस वर्षं तेच करत होतो, आम्हाला कुणी डबा करून दिला नाही.

आणि तो डबा कसाही चालत नाही बरं का. प्रत्येक स्पीकरला ठरलेलीच हवा लागते. जास्त झाली तर आवाज ढिला, कमी झाली तर नुसता ठोकल्यासारखा. या स्पीकरला वीस लिटर. एकोणीस नाही, एकवीस नाही. जन्मभर मी दूध मोजलं, तेल मोजलं, हवा मोजणारा माणूस माझ्याच पोटी यावा...

सूनबाई पोस्टात आहे. शांत बाई. दोन महिने काही बोलली नाही. माझी मऊ शाल डब्यावर ताणायला गेली तेव्हाही बोलली नाही, शाल माझी होती म्हणून असेल. पण डब्याला फासायचं ते चिकट, उग्र रेझिन, त्याचा वास तिच्या ऑफिसच्या साड्यांना लागला, आणि काउंटरवरच्या कुणी तरी विचारलं, मॅडम, घराला रंग देताय का, त्या संध्याकाळी तिने पर्स ठेवली आणि म्हणाली, "अहो, हा एक डबा. गिऱ्हाइकाने ठेवून घेतला तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. परत आला, तर सोमवारी शेठला फोन. आणि फोन तुम्ही करायचा, मी नाही."

मुलगा हो म्हणाला. काय करतो? पण मी त्याचा चेहरा पाहिला ना. नऊ वर्षं शेठ त्याला नावाने नाही, "ए सीटवाला" म्हणून हाक मारायचा. पुन्हा त्या दारात जायचं म्हणजे... जाऊ दे.

आता गिऱ्हाईक कोण? दातांचे डॉक्टर. सभ्य माणूस, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. मी विचारलंच, डॉक्टर, तुम्हाला हो कशाला हे धम् धम्? तर म्हणाले, "आजी, दिवसभर माझ्या कानाशी तो बारीक मशीनचा आवाज असतो, किंईं करून. घरी जाताना वीस मिनिटं तरी जाड आवाज ऐकावासा वाटतो." मला पटलं. माणसाला एवढं तर मिळावं. पण त्यांची अडचण अशी की डिकीत त्यांच्या आईची चाकाची खुर्ची घडी करून ठेवायची असते, ती जागा सोडायची. म्हणजे डबा कुठे? तर चाकाच्या मागे कोपऱ्यात जो वाकडा खड्डा असतो, त्यात. वाकड्या जागेत वाकडाच डबा.

मग काय, चार दिवस मुलगा अर्धा डिकीत आणि अर्धा बाहेर. आधी सगळीकडे चिकटपट्टी लावली, त्यावर काचेचं कापड, त्यावर ब्रशने ते रेझिन, वाळलं की अजून एक थर, अजून एक... मग टरफल ओढून काढलं, त्याला पुढे स्पीकर बसवायचं लाकडी कडं, कड्यावर माझी शाल ताणून पुन्हा रेझिन. काचपेपर घासून घासून घरात एवढी पांढरी धूळ की सूनबाईने आरशात पाहिलं आणि मला म्हणाली, "आई, मी तुमच्याएवढी दिसायला लागले."

एवढं करून डबा झाला. दिसायला कसा, तर फुगून बसलेल्या बेडकासारखा. आणि आत काय? हवा. पण किती? इथे गाडी अडली. चौकोनी डबा असता तर लांबी-रुंदी मोजून हिशोब झाला असता. बेडकाची लांबी कुठून कुठे मोजणार? मुलगा डोकं धरून बसला. आणि मग त्याचं लक्ष माझ्या तांदळाच्या कोठीकडे गेलं.

महिन्याचे तांदूळ! निवडून ठेवलेले! "आई, लिटरचं माप घेऊन भरत जाऊ. बावीस मापं मावली की बरोबर. दोन लिटर जागा स्पीकरचं बूड खातं, उरले वीस." म्हणजे स्पीकरही खाणार, आम्ही मात्र खायचं नाही. असो. पलंगावर बेडूक तोंड वर करून ठेवला, तो ओततोय, मी मोजतेय. मला लिहिता येत नाही, पण मोजायला कुणी शिकवावं लागलं नाही. बरोबर बावीस. मुलाने माझे पाय धरले. मग उलटा करून काढायला लागलो. वीस, एकवीस, आणि वर पाऊण. म्हटलं, पाव माप कमी आहे. "सांडलं असेल." म्हटलं, पलंगावर चादर आहे, चादरीवर दाणा नाही. "आई, पाव मापाने काय होतंय?" आणि आतून कापूस चिकटवला, स्पीकर बसवला, पेचकसाने आवळून टाकला. माझं ऐकतंय कोण.

रविवारी सकाळी डॉक्टर आले. डबा खड्ड्यात असा बसला, जणू गाडीबरोबरच जन्मलेला. चाकाची खुर्चीही मावली. डॉक्टर पुढे बसले, मुलगा शेजारी, मला म्हणाला आई, तू मागे बस, तुझा पहिला मान. सूनबाई दारात उभी, हातात फोन. गाणं लागलं. धम्... खुळखुळ. धम्... खुळखुळ. जाड आवाज आला हो, पण प्रत्येक ठोक्यामागे कुणी तरी तान्ह्या पोराचा खुळखुळा वाजवतंय.

डॉक्टर म्हणाले, "हे काय वाजतंय?" मुलगा उतरला. नंबरप्लेट दाबून धरली. स्टेपनी आवळली. सीटखालून डॉक्टरांची छत्री काढली. पुन्हा लावलं. खुळखुळ. मुलाचा चेहरा त्या काचपेपरच्या धुळीसारखा. डॉक्टर घड्याळ बघतायत. "राहू दे," म्हणाले, "तुम्ही मेहनत घेतलीत, पण..."

तो "पण" ऐकला आणि मी म्हटलं, डॉक्टर, आत हवा आहे. आणि माझे पाव माप तांदूळ आहेत.

मुलगा म्हणाला, "आई, आत्ता नको." म्हटलं, आत्ताच. उघड. उघडला. त्याचा पंजा काही त्या कड्यामागे जाईना. मग मीच डिकीत वाकले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि हात घातला. कड्यामागे माझ्याच शालीची एक चुणी पडली होती, खिशासारखी, वरून कापूस. कापूस ओढला तर सर्रकन तांदूळ. माप मागवलं. भरून पाहिलं. म्हटलं, अजून मूठभर आहेत. पुन्हा हात. डॉक्टर चष्मा वर करून बघतायत, दाढ काढताना बघतात तसे. "झाले?" म्हटलं, आता झाले. शिवून टाका.

पुन्हा लावलं. काय सांगू तुम्हाला... खोल, गोल आवाज, कुठे फाटला नाही, कुठे खुळखुळ नाही. डॉक्टरांनी डोळे मिटले. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. डोळे मिटूनच म्हणाले, "मी अजून पाच मिनिटं बसू का?" सूनबाईने फोन पर्समध्ये टाकला आणि चहा टाकायला आत गेली.

तिथून आमचे दिवस फिरले. डॉक्टरांनी दहा जणांना सांगितलं, दहांनी पन्नासांना. मुलाने रस्त्यापलीकडे शेड घेतली. शेठ स्वतःची गाडी घेऊन आला, आणि त्याने मुलाला नावाने हाक मारली, मी माझ्या कानांनी ऐकलं. देवाने भरभरून दिलं, नाही म्हणत नाही. फक्त झालं काय, की येणारा प्रत्येक जण विचारतो, "आजींनी ऐकलं का?" आजींनी ऐकल्याशिवाय कुणी गाडी नेत नाही. म्हणजे सकाळी नऊला चप्पल घालायची, पलीकडे जायचं, मागच्या सीटवर बसायचं, धम् धम्, उतरायचं, पुढच्या गाडीत बसायचं. रविवारची सुट्टी मागितली, तर सूनबाई म्हणते, "आई, रविवारीच तर जास्त गाड्या असतात."

परवा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे तब्येत दाखवायला गेले होते. त्याने नळी छातीला लावली, काळजीत पडला, म्हणाला, आजी, छातीत फार धडधडतंय.

म्हटलं, धडधडणारच. सकाळपासून चार गाड्या झाल्यात.