गिऱ्ह्याचा वाटा

ऐका. मध्ये बोलायचं नाही. आणि त्या विड्या आधी विझवा. का, ते कळेल.

आपल्या खाडीवरचा जोमा. त्याचा चुलतभाऊ पोश्या. या पोश्यानं तेलाच्या पाइपाला भोक पाडलं, खारफुटीत भट्टी लावली. चोरीचं काळं तेल उकळून डिझेल काढायचं, उरलेला गाळ खाडीत! वर्षात स्लॅबचं घर, बायकोच्या गळ्यात बोरमाळ. जोमाच्या जाळ्यात मात्र मेलेल्या चिंबोऱ्या. जळायचा तो. खाडी मेली म्हणून नव्हे हो! भट्टी आपली नाही म्हणून!

अमावस्येला डबा घेऊन निघाला. पोश्याचं तेल पळवायला. चोराच्या घरी चोरी!

पोश्या झोपडीत घोरत होता. जोमानं डबा भरला. बांधावर येऊन थबकला. आपली रीत ठाऊक आहे ना? पहिली मासळी बांधावर ठेवायची, गिऱ्ह्याचा वाटा. बुडून मेलेल्याचं भूत ते, उपाशी ठेवू नये. जोमानं काय ठेवलं? वाटीभर तेल! मूर्ख!

चार पावलं गेला, मागून हाक. "जोमादादा, थांब!" आवाज पोश्याचा. वळून बघतो, तर कुणी नाही!

मग डबा जड झाला. जड, जड, खांदा निखळेल इतका जड! "टाक की," आवाज हसला. "पोश्या असे दहा नेतो. तुला एक झेपेना?"

झोंबलं जोमाला. पाय चिखलात रुतले, गुडघ्यापर्यंत. तरी डबा सोडीना!

आणि समोर गिऱ्हा उभा! काळाकुट्ट, अंगावरून तेल निथळतंय, केसांत मेलेले बोय मासे.

"पाण्यात शिरता येत नाही रे. तेल बुडू देत नाही. थंडी वाजते. विडी पेटव."

जोमानं काडी काढली. खाली बघतो, तर डबा गळतोय! लुंगी ओली, बांध ओला!

"नाही पेटवत!"

"मग पोश्याकडे मागतो. त्याला सगळं तुझ्याआधीच मिळतं."

ऐका! मरण समोर, तरी जोमाच्या मनात आलं, त्यालाच का आधी? काडी पेटीला टेकली होती. टेकली होती! मग भान आलं. डबा फेकला, पाय सुटले, पळाला.

मागून ऐकू आलं, "पोश्या, विस्तव दे." आणि झोपाळलेला पोश्या, "घे की, कोण आहे?"

एक हाक मारायची होती जोमानं. नाही मारली.

सगळी खारफुटी लाल झाली.

त्या बांधानं जाऊ नका. कधीच नाही. आता तिथं दोघं असतात. एक वाटा मागतो. दुसरा नुसतं म्हणतो, "जोमादादा, थांब."